सगळ्यांच्या पुढे गुदेता

गुदेता शिंप्याला कुणी विचारलं, की बाबा, त्रेपन्नाव्या वर्षी तुला पळायची अवदसा कुठून आठवली, तर तो म्हणतो, "तरसामुळे." मग मशीनचं पायडल थांबवतो, चष्मा कपाळावर सरकवतो आणि म्हणतो, "तरस कसला डोंबलाचा! ही माझी जीभ. हिनं पळवलं मला." स्वतःची फजिती हा माणूस इतक्या चवीनं सांगतो, की ती ऐकायला बाजारातले लोक चांगल्या विजारी उसवून त्याच्याकडे घेऊन येतात.

जिभेचं प्रकरण जुनं. लग्नाला बावीस वर्षं झाली, आणि बावीस वर्षं गुदेताच्या घरी कॉफीचा तिसरा कप ओतला गेला की एकच गोष्ट बाहेर पडायची. तरुणपणी तो म्हणे जिल्ह्याच्या शर्यतीत तिसरा आला होता. शेवटच्या वळणावर बुटाचा तळवा निघाला, नाहीतर पहिलाच. राजधानीला, अदिसला नेणार होते त्याला! सुरुवातीला तो बूट उजवा होता, पुढे डावा झाला, आणि एका वर्षी तर दोन्ही तळवे निघाले. दामितू, त्याची बायको, मुकाट्यानं ऐकत कॉफी ओतायची. न बोलणाऱ्या बायकोला भिऊन असावं, एवढी अक्कल गुदेताला तेव्हा नव्हती.

एक दिवस शाळेतले बेदासो मास्तर घरी आले. गावातल्या पोरापोरींना पळायला शिकवतात ते हेच. कॉफीला बसले आणि म्हणाले, "तुमच्या लेलिसेच्या पायात काहीतरी आहे. तिला सकाळच्या गटात पाठवा."

"पाय काय, सगळ्याच पोरींना असतात," दामितू म्हणाली. पण लेलिसेनं आईकडे असं काही बघितलं, की आई जरा नरमली. पोरगी अठराची, एकुलती एक, आणि आपणहून कधी काही मागायची नाही. दामितूनं हातातलं भांडं खाली ठेवलं. "मेस्केलच्या सणापर्यंत मुदत देते. तोवर अदिसच्या एखाद्या क्लबानं उचललं तर उचललं. नाहीतर माझ्या भावानं स्थळ आणलंय, त्याला होकार कळवायचा. आणि दुसरं. उजाडायच्या आत ही एकटी त्या निलगिरीच्या जंगलात जायची नाही. तरस असतात तिथं. बाप बरोबर पळेल."

"कोण, मी?" गुदेतानं कप खाली ठेवला.

"तुम्हीच ना ते तिसरे आलेले?" दामितू म्हणाली, आणि कॉफी ओतू लागली.

आता काय बोलणार? मास्तर बसलेले, पोरगी बघतेय, बावीस वर्षांचा तळवा मध्ये आडवा पडलेला. गुदेता म्हणाला, "हो मग! त्यात काय एवढं! मशीनचं पायडल मारून मारून माझे पाय अजून पोलादाचे आहेत."

शाळेच्या गणवेशाचं हिरवं कापड उरलं होतं. त्याचा त्यानं रातोरात स्वतःसाठी पळायचा पोशाख शिवला. पहिल्या सकाळी तो घालून गेला, तर नापास होत होत टक्कल पडलेला विद्यार्थीच उभा आहे असं वाटत होतं. बावीस पोरंपोरी त्याच्याकडे बघत होती. हसलं कुणी नाही. वडीलधाऱ्याला हसायचं नसतं. सगळे एकदम बुटाच्या नाड्या बांधायला खाली वाकले, आणि फार वेळ बांधत राहिले.

गटाची रीत अशी, की एकामागे एक रांग धरायची आणि पुढच्याच्या पावलावर पाऊल टाकत जायचं. पुढचा जसा पळेल तसं मागच्यांनी पळायचं, त्याला ओलांडायचं नाही. गुदेता शेवटी उभा राहिला. तिसऱ्या मिनिटाला रांग दिसेनाशी झाली, पाचव्या मिनिटाला आवाजही येईना, आणि सातव्या मिनिटाला त्याला आपलं काळीज कानात ऐकू यायला लागलं. पोलादाचे पाय लापशीचे झाले. फक्त लेलिसे मागे थांबली होती.

"तू जा पुढे," तो धापा टाकत म्हणाला.

"असू दे अब्बा. मलाही आज जड वाटतंय."

केवढी गुणी पोर, गुदेताला वाटलं. बापाचा हात धरून शिकतेय बिचारी.

त्याच आठवड्यात खरोखरच एक तरस दिसला. वाटेच्या कडेला उभा राहून तो या बापलेकींकडे बघत होता. लेलिसेनं दगड उचलून भिरकावला, तसा तो निघून गेला. त्या वेळी राखणदार कुठे होते? राखणदार लेकीच्या मागे होते, तिच्या सदऱ्याचं टोक मुठीत धरून. हे गुदेता आता सांगतो. तेव्हा घरी त्यानं वेगळंच सांगितलं होतं.

चौथ्या दिवशी रोबा नावाच्या एका वात्रट पोरानं काडी टाकली. आमच्याकडे कुणाही वडील माणसाला अब्बाच म्हणतात. "अब्बा गुदेता, तुम्ही मागे पळता हे बरं दिसत नाही. वडील माणूस पुढे हवा."

"छे छे, पळा तुम्ही पोरं."

"नाही अब्बा, पुढे व्हा."

"अरे कशाला?"

"व्हाच अब्बा, आमची शपथ."

आमच्याकडे तीनदा आग्रह झाला की चौथ्यांदा नाही म्हणणं हा अपमान. गुदेता पुढे झाला. आणि काय चमत्कार! त्या दिवशी कुणी त्याला टाकून पुढे गेलं नाही. बावीस जोडी पावलं त्याच्या पावलांमागे ठप ठप पडत होती. तो वळला की रांग वळायची, तो खोकला की रांग थांबायची. गुदेताची छाती फुगली. घरी येऊन भाजलेल्या जवाचं पीठ पाण्यात कालवून घटाघटा प्याला आणि दामितूला म्हणाला, "जुनं ते सोनं बरं का! आज मी सगळ्यांना ओढून नेलं."

दामितूनं नुसतं "हूं" केलं.

अहो, वाटेवर चाललेल्या वडील माणसाला ओलांडून जायचं नाही, एवढी तरी शिकवण आमच्या पोरांना असते. जायचंच झालं तर "अब्बा, वाट" म्हणून परवानगी मागायची. तो आशीर्वाद देतो, मग पुढे व्हायचं. पण वाट मागतंय कोण! सोमवार, बुधवार, शुक्रवार हे हलक्या पळण्याचे दिवस. त्या दिवशीही ही पोरं रांग मोडून एकमेकांशी चुरस करून दमून जायची, आणि बेदासो मास्तर ओरडून थकले होते. आता गुदेता पुढे, म्हणजे चुरस संपली. पोरं मागे गप्पा मारत, शेंगा खात निवांत यायची. मास्तर खूश. त्यांना पोरांना लावायला फुकटात ब्रेक मिळाला होता. मंगळवारी आणि गुरुवारी कस लागायचा, तेव्हा मास्तर अदबीनं म्हणायचे, "तुम्ही जरा सगळ्यांचे कपडे सांभाळता का? दुसऱ्या कुणाचा भरवसा नाही." गुदेता कोटांच्या ढिगाशेजारी पाठ करून बसायचा आणि निसटलेली बटणं शिवून द्यायचा. पोरं कशी पळतात, ते वर मान करून बघायची सवडही त्याला नव्हती. आपण ओढून नेतो त्यांनाच, त्यात बघायचं काय?

असे तीन महिने गेले. गुदेताचं पोट दोन बोटं आत गेलं, अक्कल मात्र होती तिथंच राहिली.

मेस्केलला दहा दिवस उरले असताना बातमी आली. अदिसच्या क्लबाच्या वर्कनेशबाई शनिवारी येणार, आणि सहा मुली निवडून नेणार. बाईंनी निरोप धाडला होता, की घड्याळ लावून शर्यत नको. रोजच्यासारखं बारा किलोमीटर पळा, मी कुरणाच्या शेवटी टेकडीवर उभी राहून बघते. लेलिसे त्या आठवड्यात धड जेवली नाही. तिचा मामा सोमवारी होकार न्यायला येणार होता, हे घरात सगळ्यांना माहीत होतं आणि कुणी बोलत नव्हतं.

शुक्रवारी मास्तर दुकानात आले. गुदेताच्या तब्येतीची चौकशी केली, बायकोची केली, मशीनचीही केली. मग मान खाली घालून म्हणाले, "उद्या तुम्ही विश्रांती घ्या, अब्बा गुदेता. फार दमता तुम्ही."

"छे हो, कसला दमतो!"

"नाही, खरंच. घरी बसा उद्या."

"तसं कसं? पोरांचा महत्त्वाचा दिवस आहे."

"घरीच बसा हो," मास्तर कळवळून म्हणाले.

तीनदा झालं! आता सांगा, आमच्या मुलखात वाढलेला माणूस याचा काय अर्थ घेईल? जेवायला बसवलेला पाहुणाही तीनदा नको म्हणतो आणि चौथ्यांदा पोटभर जेवतो. मास्तरही रीतीपुरतं नको म्हणत आहेत, मनातून मी हवाच आहे, असं गुदेताला वाटलं. आणि मास्तर तरी वडील माणसाला "बाबा रे, तू पोरांच्या पायातली धोंड आहेस" असं तोंडावर कसं म्हणणार? दोघांनी एकमेकांचा भरपूर मान राखला, आणि लेलिसेचं नशीब त्या मानाखाली सापडलं.

शनिवारी गुदेता हिरवा पोशाख इस्त्री करून हजर. मास्तर आधीच बाईंबरोबर टेकडीकडे गेलेले. गुदेता रांगेच्या पुढे जाऊन उभा राहिला. पोरांनी एकमेकांकडे बघितलं. रोबा बुटाच्या नाड्या बांधायला खाली वाकला.

"आज जरा जोरात नेतो तुम्हाला," गुदेता म्हणाला. "अदिसची बाई आलीय. नाव राखायला हवं."

आणि त्यानं खरंच जोरात नेलं. म्हणजे त्याच्या मते. पण आज मागे गप्पा नव्हत्या, शेंगा फुटत नव्हत्या. टाचेशी पावलं दाटून येत होती, कुणीतरी मध्येच "हाय देवा" म्हणत होतं. गुदेताला वाटलं, दमली पोरं. थोडा वेग कमी करावा का?

नवव्या किलोमीटरला मागून आवाज आला. रोबाचा होता, आणि त्यात वात्रटपणा नावालाही नव्हता. "अब्बा... वाट."

गुदेता चमकला. पण रीत ती रीत. पळता पळता त्यानं हात उचलला. "जा बाळा, मोठा हो, तुझी गुरं वाढोत."

"अब्बा, वाट."

"जा पोरी, तुझं घर भरलेलं राहो."

"अब्बा, वाट." "अब्बा, वाट." "वाट, अब्बा."

एकवीस जण! एकेकाला आशीर्वाद! सहाव्याला गुरं गेली, दहाव्याला घर गेलं, चौदाव्याला नुसतं "जा" उरलं, आणि पुढच्यांना गुदेता फक्त हात हलवत होता. आणि ती पोरं त्याच्या बाजूनं अशी सुटत होती, की डोळ्यांसमोर धूळ आणि मग काहीच नाही. मिनिटाभरात वाट रिकामी. तेव्हा कुठे त्याच्या टाळक्यात उजेड पडला. ही पोरं असं पळतात? मग तीन महिने मी कुणाला ओढत होतो?

गुदेता म्हणतो, "गाढवाच्या पाठीवर गोणी असते, म्हणून त्याला निदान कळतं की आपण गाढव आहोत. मला तेही कळलं नाही."

मागे अजून एक जोडी पावलं पडत होती.

त्यानं वळून बघितलं. "तू? तू का नाही गेलीस?"

"तुमच्याबरोबर आहे मी," लेलिसे म्हणाली. तिला साधा दमही लागला नव्हता.

"अगं सहाच मुली घेणार आहेत! पळ!"

"आईनं सांगितलंय, अब्बाला जंगलात एकटं सोडायचं नाही. पहिल्याच दिवशी सांगितलंय."

"मला सांगितलंय तिनं! तुझी राखण करायला!"

"हो. आणि मला तुमची." लेलिसे म्हणाली. "मागच्या बुधवारी तुम्हाला चक्कर आली होती अब्बा. इथं पडलात तर कोण बघणार? मी नाही जात. होईल ते होईल."

गुदेताला आधी राग आला. मग लाज इतकी वाटली, की पाय आपोआप थांबले. "ऐक. ते जिल्ह्याच्या शर्यतीचं... मी तिसरा आलो नव्हतो. मी पळलोच नव्हतो. पळणाऱ्यांचे कोट सांभाळत होतो मी. कळलं? तुझा बाप खोटारडा आहे. त्याच्यासाठी थांबू नकोस."

"माहितीये."

"काय माहितीये?"

"कोटांचं. मामाचाही कोट होता ना त्यात. सगळ्यांना माहितीये, अब्बा."

बावीस वर्षं! बावीस वर्षं त्या बाईनं कॉफी ओतली आणि पापणी लववली नाही! पण त्यावर विचार करायला वेळ नव्हता. वाटेच्या कडेला निलगिरीचा तोडलेला बुंधा होता. गुदेता त्यावर जाऊन धपकन बसला.

"हे बघ, बसलो मी. बसलेला माणूस पडत नाही. आणि बसलेल्याला ओलांडायला परवानगीही लागत नाही. आता उजाडलंय, तरस झोपले असतील. जा."

ती हलेना. तिचे डोळे भरले होते.

"लेलिसे, मी तीन महिने तुझ्या वाटेत पळतोय. मला ठाऊक नव्हतं गं. आशीर्वाद घे नाहीतर शिव्या घे, पण जा. तुझ्या पाया पडतो मी!"

बाप पाया पडतो म्हणाला, तशी ती घाबरून दोन पावलं मागे सरली, आणि मग गेली.

तिथून खाली अख्खं कुरण दिसतं. झाडांमधून ती बाहेर पडली आणि उतारावरून मोकळ्या गवतात आली. तीन महिने रोज सकाळी गुदेता या पोरीबरोबर पळला होता, आणि त्यानं तिला पळताना कधी बघितलंच नव्हतं. ती सतत त्याच्या मागे होती ना! आज पहिल्यांदा बघत होता. काय पळत होती! खांदे सैल, मान स्थिर, पाय जमिनीला लागतात की नाही कळू नये. ही माझी? गुदेता बुंध्यावर बसून मोठ्यानं रडायला लागला. लांब पुढे मुलींची रांग होती आणि मध्ये अख्खं कुरण पडलं होतं. लेलिसेनं एकीला गाठलं. मग दोघींना एकदम. मग आणखी एकीला. "पळ गं! पळ माझे आई!" तो ओरडत होता. पण बाकीच्या फार पुढे होत्या, आणि कुरण संपत आलं होतं.

तो कुशीत हात दाबून चालत खाली पोचला, तेव्हा सगळे घाम पुसून चहा पीत होते. मुली तेरा होत्या, लेलिसे नववी आली होती. सहा नावं लिहून झाली होती. ती एका बाजूला गवत उपटत बसली होती आणि बापाला बघून हसायचा प्रयत्न करत होती. तो प्रयत्न गुदेताला बघवेना.

"हेच का ते?" टेकडीवरून आवाज आला. वर्कनेशबाई उंच, सडपातळ, चेहऱ्यावर हसू नाही. "ही मुलगी जंगलातून सगळ्यांच्या मागून निघाली, म्हणून विचारलं, का गं? तर म्हणते, माझे वडील पुढे होते. तुम्ही पुढे होता?"

"होतो बाई." गुदेतानं डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली. "मास्तरांनी तीनदा नको म्हटलं, मला ती रीत वाटली. चूक माझी आहे. पोरीचा काही दोष नाही. मी शिंपी आहे, मला पळण्यातलं काय कळतंय? तिला परत एकदा पळवून बघा. मी झाडाला बांधून घेतो स्वतःला."

कुणीतरी फिसकन हसलं. बाईंनी त्या दिशेला बघितलं, तसं थांबलं.

"परत पळवायची गरज नाही. ते कुरण मी इथून बघितलं. पहिल्या आलेल्या मुलीपेक्षा हिनं ते लवकर कापलंय." बाईंनी कागद पुढे ओढला. "सहा झाल्या माझ्या. सातवी घेते, क्लबाला काय सांगायचं ते मी बघेन. पण एक अट. मुलगी पाठवायची, बाप घरी ठेवायचा."

सगळं कुरण हसलं. बेदासो मास्तर हसले, रोबा गवतात लोळला, आणि सगळ्यात मोठ्यानं गुदेता हसला. इतक्या आनंदानं आयुष्यात कुणाचा अपमान झाला नसेल, असं तो अजून म्हणतो. लेलिसे धावत आली आणि त्याच्या ओल्याचिंब हिरव्या सदऱ्यात तिनं तोंड खुपसलं.

तिच्या डोक्यावरून हात फिरवत गुदेतानं विचारलं, "बाई, बाप घरी कधीपासून ठेवायचा?"

"परवापासून," बाई म्हणाल्या. "सोमवारी सकाळी गाडी येईल."

गुदेता मान डोलावत राहिला. मग टोपी डोक्यावर ठेवत हलक्या आवाजात लेकीला म्हणाला, "म्हणजे उद्याचा दिवस आहे."

"उद्या सुट्टी असते, अब्बा."

"असू दे," तो म्हणाला. "उद्या तू पुढे हो. मी मागून येतो, जमेल तेवढं."